जेल कव्हर घालूनही बूड दुखतंच – नवीन सीट घेऊ का?

उशिरा_जागा | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, पहिला धागा नाइलाजाने काढतोय. वय ४७, उंची १६८ सेमी, वजन ७८, मुक्काम कोथरूड. साखर बॉर्डरवर आली म्हणून तीन महिन्यांपूर्वी हायब्रिड सायकल घेतली (सरळ हँडल, ७०० बाय ३५ चे टायर). रोजचे १०-१२ किमी मजेत होतात. रविवारी ग्रुपबरोबर खडकवासल्याच्या पुढे गेलो की वीस-पंचविसाव्या किलोमीटरपासून सगळं एकदम सुरू होतं. बूड दुखतं, चढाला उजव्या गुडघ्याची वाटी ठणकते, आणि उजव्या हाताची करंगळी व शेजारचं बोट बधिर होतं. परवा घरी आल्यावर शर्टाची बटणं काढता येईनात. बायकोने काढून दिली आणि वर ऐकवलं, "विका ती सायकल आणि तळजाईला चालायला जा."

उपाय म्हणून जेलचं कव्हर मागवलं. पहिले दहा किलोमीटर सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं. नंतर नाजूक जागीही मुंग्या यायला लागल्या, ज्या आधी येत नव्हत्या!

आता सहा-सात हजारांची सीट घ्यावी असं मनात आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डबलसीट | सोमवार, रात्री १०:३१

प्रकाश टाकतो पण नक्की कुठे टाकू?

(हलकेच घ्या. मीही रांगेतच आहे. वाचतोय.)

बोपदेव | सोमवार, रात्री ११:०५

@उशिरा_जागा, एक रुपयाही खर्चू नका. आधी सांगा: सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतात का? आणि पायडल पायाच्या कुठल्या भागाने मारता?

उशिरा_जागा | मंगळवार, सकाळी ७:२०

हो, दोन्ही पाय आरामात टेकतात. दुकानदारानेच तशी लावून दिली. "पाय टेकतायत ना? मग झालं." पायडल मधल्या खोलगट भागाने मारतो बहुतेक. कधी लक्षच दिलं नाही.

बोपदेव | मंगळवार, सकाळी ९:४८

वाटलंच होतं. नव्या सायकलवाल्यांतल्या दहापैकी सात जणांची गोष्ट इथूनच सुरू होते (मोजलेले नाहीत, पण आमच्या ग्रुपमध्ये दर रविवारी एखादा सापडतोच).

बसून दोन्ही पाय आरामात टेकले तर सीट खाली आहे हे नक्की समजा. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि तशा दुमडलेल्या अवस्थेतच जोर लावावा लागतो. मग वाटी ठणकते. शिवाय पायांतून जोर निघत नाही म्हटल्यावर अंगाचं सगळं वजन बुडावर पडतं. नीट उंचीवर बसलेल्या माणसाचं बरंचसं वजन पायांवर पेललेलं असतं. बुडाचं दुखणं गुडघ्याच्या दुखण्याला लागूनच आहे ते असं.

हे करा. भिंतीला सायकल टेकवून सीटवर बसा आणि टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली गेल्यावर पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, कंबर कलता कामा नये. मग टाच काढून चवडा ठेवलात की गुडघ्यात आपोआप २५ ते ३० अंशांचा बाक राहतो. तेवढाच हवा. आणि यापुढे पायडल चवड्यानेच मारायचं.

आकडा हवा असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. पुठ्ठ्याचं जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखं वर दाबून धरा, कडेला भिंतीवर पेन्सिलीची खूण करा आणि जमिनीपासून मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. क्रँक (पायडल ज्याला लावलेलं असतं तो दांडा) जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर साधारण तेवढं यायला हवं.

डबलसीट | मंगळवार, सकाळी १०:०२

ऑफिसमध्ये दोन पायांत पुस्तक धरून भिंतीला उभा होतो. एचआरने पाहिलं. पुढचं संध्याकाळी कळवतो.

कडक_ब्रेक | मंगळवार, दुपारी १:१५

एवढं गणित कशाला? आमचे आजोबा चोवीस इंची सायकलवर धान्याचं पोतं लादून बाजाराला जायचे. तेव्हा कुठे होतं ०.८८३? हल्ली सगळ्याचंच कौतुक.

पाणसळ | मंगळवार, दुपारी ३:४०

कडक_ब्रेक, पोतं मीही लादलेलं आहे, म्हणून बोलायचा अधिकार घेतो. मी पाटबंधाऱ्याकडे ओव्हरसियर होतो. १९७८ ते ८५ कालव्याच्या कडेने रोज तीस-पस्तीस किमी सायकल, तीही चोवीस इंची. सायकल शिकलो नळीखालून पाय घालून, अर्ध्या पायडलवर. दुखायचं नाही हे खरं, पण त्याला कारणं होती. एक तर हँडल छातीशी यायचं, बसणं पाटावर बसल्यासारखं ताठ. दुसरं, सीट ऐसपैस, खाली दोन जाड स्प्रिंगा, वरचं चामडं वर्ष-दोन वर्षांत माझ्या बुडाच्या आकाराचं झालेलं. माझ्या सायकलवर दुसरा कोणी बसला की दोन मिनिटांत उतरायचा. तिसरं, आमचा वेग बैलगाडीपेक्षा जरा बरा एवढाच.

या मुलाची सायकल वाकून चालवायची आहे. आमचे नियम तिला कसे लागतील?

माझ्याकडून दोन गोष्टी. सीट सपाट आहे का ते डोळ्यांनी ठरवू नका, पाणसळ ठेवून बघा. मोबाइलमध्येही असते म्हणे. सीटवर आधी एक सपाट वही ठेवा आणि त्यावर पाणसळ ठेवा, नुसती ठेवलीत तर सीटच्या खळग्यात ती खोटं बोलते. सायकल उभी आहे ती फरशीही तपासा. आपल्याकडच्या बाल्कन्यांना पाणी जायला ढाळ दिलेला असतो.

दुसरा ओळंबा. दोऱ्याला नट बांधला की झाला. पायडल घड्याळातल्या तीनवर, म्हणजे क्रँक आडवा. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावरून दोरा सोडला की तो पायडलच्या आसावर पडायला हवा. पुढे पडला तर सीट मागे सरकवा, मागे पडला तर पुढे.

बोपदेव | मंगळवार, सायंकाळी ६:३०

काका, वहीची युक्ती चोरली आहे, कळावे.

ओळंब्याबद्दल थोडी भर घालतो. सुरुवातीला तो फार उपयोगी पडतो, पण वेदवाक्य नव्हे. दोरा दोन बोटं इकडेतिकडे पडला म्हणून कोणाचा गुडघा निकामी होत नाही. एक चूक मात्र सर्रास दिसते. हँडल लांब वाटतं म्हणून लोक सीटच पुढे ओढतात. सीटचं नातं पायांशी आहे, हँडलचं हातांशी. हँडल लांब पडत असेल तर हँडलच जवळ आणा.

हायब्रिडशेठ | मंगळवार, रात्री ८:११

०.८८३ वर माझा आक्षेप आहे. मी तो लावला आणि माझी कंबर बदकासारखी डुलायला लागली. शेवटी १ सेमी खाली आणली तेव्हा बरं वाटलं.

बोपदेव | मंगळवार, रात्री ८:५०

आक्षेप मान्य. हा आकडा गाजला तो ग्रेग लेमाँडमुळे (१९८६, ८९ आणि ९० असा तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेला अमेरिकन). मुळात तो त्याचा फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमारकडून आला. म्हणजे शर्यतवाले लोक, त्यांचे बूट, त्यांची त्या काळची पायडलं. तुमच्या बुटाचा तळ केवढा जाड, क्रँक १७० मिमीचा की १७५ चा, मांडीच्या मागच्या शिरा किती आखडलेल्या, यातलं काहीच या आकड्याला ठाऊक नसतं. त्याने शोध कुठून सुरू करायचा तेवढं कळतं. कंबर डुलली किंवा गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ लागली की सीट वर गेली समजायचं.

मी_फिजिओ | मंगळवार, रात्री ९:३७

माझ्याकडे येणाऱ्या सायकलवाल्यांचं गणित बहुतेक वेळा असंच निघतं. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली किंवा गिअर फार जड. मागून दुखला तर सीट वर. सूज असेल, पाय लचकत असेल तर मात्र पाना ठेवून द्या आणि डॉक्टर गाठा.

करंगळी व शेजारच्या बोटाचं सांगते. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने अल्नर नावाची नस जाते. मनगट मागे मुडपून त्या कडेवर वजन टाकलं की ती दबते. तुमचे ब्रेकचे लिव्हर बहुधा जमिनीला समांतर लावलेले असणार, त्यामुळे ब्रेकवर बोटं ठेवताना मनगट वर मुडपतं. लिव्हर थोडे खाली झुकवा. कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत यायला हवा. आणि कोपरं ताठ धरू नका, खड्ड्याचा धक्का थेट खांद्यात जातो.

नाजूक जागेच्या मुंग्यांकडे "चालायचंच" म्हणून दुर्लक्ष करू नये. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबल्याचं ते लक्षण आहे. मुंग्या आल्या की पायडलवर उभे राहा किंवा सरळ थांबा. सीट नीट लावूनही येत राहिल्या, किंवा उतरल्यावर बराच वेळ टिकल्या, तर डॉक्टरला दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रानवारा | बुधवार, सकाळी ६:१५

जेल कव्हरबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते.

आपण मांसावर बसत नाही, बुडाच्या दोन हाडांवर बसतो. कडक बाकावर तळहात खाली घालून बसा, दोन टेंगळं हाताला लागतील. वजन त्यांनीच पेलायला हवं. जेल मऊ असतं, त्यात हाडं रुततात आणि दाबलेलं जेल मधल्या जागेत वर येतं. त्या मधल्या जागेवर वजन यायला नको असतं आणि नेमकं तिथेच येतं. धागाकर्त्यांना दहा किलोमीटर सोफा आणि नंतर मुंग्या, ते यामुळे.

मऊपणापेक्षा सीटची रुंदी महत्त्वाची. मी चार वर्षं ग्रुपमधल्या दादालोकांच्या सल्ल्याने शर्यतीची अरुंद सीट वापरली. "सवय होईल." नाही झाली. जखमा झाल्या, एक पावसाळा सायकल बंद. मग घरीच मोजलं. नालीदार पुठ्ठा (फ्रिजच्या खोक्याचा उत्तम) कडक स्टुलावर ठेवायचा, त्यावर बसून थोडं पुढे वाकायचं आणि टाचा उचलायच्या. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतलं अंतर माझं १३२ मिमी निघालं. थोडं वाकून चालवणाऱ्यांनी त्यात साधारण २०-२५ मिमी मिळवायचे. मी १५५ ची, मध्ये खाच असलेली सीट घेतली. बायकांची हाडं बहुधा जास्त अंतरावर असतात, पण तेही गृहीत न धरता मोजावंच.

दुसरं, पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. हे मला दोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. शिवण घासते, घाम साठतो आणि मग सगळा दोष सीटवर जातो.

आमच्यासारख्या पाच फूट एकवाल्यांसाठी: हँडल लांब पडत असेल तर ९० मिमीचं स्टेम (हँडल सायकलला जोडणारा आडवा तुकडा) काढून ६० चं लावता येतं. बोटं ब्रेकपर्यंत पोचत नसतील तर लिव्हरवर बारीक स्क्रू असतो, तो पिळला की लिव्हर जवळ येतो. बहुतेक सायकलींना असतो आणि बहुतेकांना माहीत नसतो.

डबलसीट | बुधवार, सकाळी ८:४०

खालून दुसऱ्या परिच्छेदातली माहिती या धाग्याच्या किमतीइतकी आहे. दोन वर्षं काय, मला सहा वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

डच_दुपार | बुधवार, दुपारी ४:०५

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टहून. पाणसळकाकांचं शंभर टक्के खरं. इथल्या आज्या ताठ बसून ऑफिसला, शाळेला, बाजारात सायकलने जातात. त्यांच्या सीटा आपल्या जुन्या सायकलींसारख्याच रुंद. जितकं ताठ बसाल तितकी रुंद सीट लागते, जितकं वाकाल तितकी अरुंद. मी इथली रुंद सीट वाकून चालवायच्या सायकलला लावली होती, आठवड्याभरात मांड्या सोलपटल्या.

उशिरा_जागा | बुधवार, रात्री १०:२०

केवढे प्रतिसाद! आज सगळी मोजमापं घेतली. पायांची आतली उंची ७७ सेमी, म्हणजे आकडा येतो ६८. माझी सीट आहे ६१.५ वर!! आणि पाणसळकाकांचं ऐकून वहीवर मोबाइल ठेवला तर सीटचं नाक वर उचललेलं निघालं, चक्क ५ अंश. खाली घसरू नये म्हणून मीच कधीतरी केलं असावं.

सगळं आजच दुरुस्त करून टाकू का?

बोपदेव | बुधवार, रात्री १०:४५

नाही!! साडेसहा सेमी एकदम वर नेलीत तर गुडघ्याचं मागचं दुखणं घेऊन याच धाग्यावर परत याल. आज नाक सपाट करा आणि सीट दोनच सेमी वर घ्या. मग दर तीन-चार दिवसांनी अर्धा-पाऊण सेमी. एका वेळी एकच बदल, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही. वहीत लिहून ठेवा. नाक सपाटपेक्षा एखाद-दोन अंश खाली चालेल, जास्त केलंत तर पुढे घसराल आणि ते वजन हातांवर येईल. तुमच्या करंगळीला ते परवडणारं नाही.

सीटच्या दांड्यावर आडव्या रेघांची खूण असते, ती नळीबाहेर दिसता कामा नये. दिसली तर दांडा लांब हवा, नाहीतर एखाद्या खड्ड्यात दांडा वाकेल किंवा फ्रेम तडकेल.

सीट वर गेली की सिग्नलला बसून पाय टेकणार नाही. टेकायचाच नसतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय जमिनीवर, दुसरा पायडलवर. सोसायटीत दहा वेळा सराव करा, मग रस्त्यावर.

बोल्ट आवळल्यावर दांड्याभोवती इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारा. माझ्या पहिल्या २०० च्या ब्रेव्हेला (ठरल्या वेळेत २०० किमी पुरे करायचे, साडेतेरा तासांची मुदत असते) पकड ढिली राहून सीट सावकाश खाली सरकत होती. मला वाटलं पाय थकले. सत्तर किलोमीटर तसाच गेलो, शेवटी गुडघा बोलायला लागला तेव्हा कळलं. टेप असता तर पहिल्या चहालाच दिसलं असतं.

उशिरा_जागा | पुढचा रविवार, दुपारी १२:३०

दोन सेमी वर. पहिल्या दिवशी माडीवर चढून बसल्यासारखं वाटलं. करिश्मा चौकात उतरताना तोल गेला, रिक्षावाले काका म्हणाले, "हळू, साहेब." पण मुंग्या गेल्या! जेल कव्हर काढलं. बूड अजून दुखतंय, पण दुखणं आता हाडांच्या जागी आहे.

रानवारा | रविवार, दुपारी १:०५

ते चांगलं लक्षण आहे. सवयीचं दुखणं तिथेच व्हायला हवं. दोन-तीन आठवड्यांत जाईल.

हायब्रिडशेठ | रविवार, दुपारी २:२२

टायरमध्ये हवा किती भरता? निम्मा हादरा तिथूनच येतो.

उशिरा_जागा | रविवार, दुपारी ३:१०

८५. टायरच्या कडेला तेवढी लिहिलीय म्हणून सोसायटीतला मुलगा भरून देतो.

हायब्रिडशेठ | रविवार, दुपारी ३:१८

अहो ती कमाल मर्यादा! ३५ चा टायर आणि तुमचं वजन बघता मागे ६०, पुढे ५० च्या आसपास भरून बघा. फार कमीही नको, खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि जोडीने दोन भोकं पडतात.

उशिरा_जागा | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:००

धागा वर काढतोय. वहीतून उतरवतो.

सीट टप्प्याटप्प्याने ६८ वर नेली. तिथे हायब्रिडशेठ म्हणाले तसंच झालं. मागून येणारा मित्र म्हणाला, "कंबर लावणीसारखी चाललीय." गुडघ्यामागे ओढही लागत होती. ८ मिमी खाली आणली, ६७.२ वर स्थिरावलो. चढाला वाटी दुखत नाही. हलक्या गिअरवर भरभर पायडल मारायला शिकतोय, तेही कारण असेल. हवा कमी केल्याचा फरक पहिल्याच गतिरोधकाला कळला.

करंगळी मात्र पूर्ण सुधारलेली नाही. लिव्हर खाली झुकवले, फरक पडला. पण तिसाव्या किलोमीटरनंतर अजून झिणझिणतं.

बोपदेव | शनिवार, रात्री ९:२६

सीट पावणेसहा सेमी वर गेली आणि हँडल तिथेच राहिलं, म्हणजे तुम्ही आधीपेक्षा जास्त वाकताय. आता हँडल वर घ्यायची वेळ आली. स्टेमच्या वर चकत्या आहेत का? असतील तर त्या खाली घ्या. किंवा स्टेम उलटं करून लावा, बऱ्याच स्टेमना सहा-सात अंशांचा कोन असतो, तो वरच्या बाजूला करता येतो.

क्रम चुकवू नका. आधी कडेचे दोन बोल्ट ढिले करा, मग वरच्या टोपीचा. लावताना उलट: आधी टोपीचा, तोही हँडलचा खुळखुळाट जाईल इतपतच, मग हँडल चाकाच्या रेषेत बघून कडेचे दोन आलटून पालटून. टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, ते काम कडेच्या दोघांचं. त्या बोल्टांना ५ न्यूटन-मीटर वगैरे लिहिलेलं असतं, म्हणजे छोट्या एलन कीने मनगटाचा जोर. आपल्याकडे पाइप लावून आवळायची पद्धत आहे, ती ट्रकला ठीक. झाल्यावर पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल वळवून बघा, वळलं तर ढिलं आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, टकटक आली तर टोपी परत बघा.

कडक_ब्रेक | शनिवार, रात्री ९:५५

(हळू आवाजात) कालच टाचेची पद्धत करून पाहिली. माझी चार सेमी खाली होती. आजोबांचा विषय मागे घेतो.

पाणसळ | शनिवार, रात्री १०:०१

आजोबांना मागे घेऊ नका, फक्त सीट वर घ्या.

उशिरा_जागा | त्यानंतरचा रविवार, दुपारी १:४०

स्टेम उलटं केलं, एक चकती खाली घेतली. टोपीचा बोल्ट आधीच ढिला करून बसलो होतो, धागा उघडून परत पहिल्यापासून केलं. आज डोणजे फाटा करून परत, चाळीसच्या वर. घरी आल्यावर शर्टाची बटणं मीच काढली. झिणझिण्या पूर्ण गेल्या म्हणणार नाही, शेवटच्या पाच किलोमीटरला थोड्या होत्या. हातमोजे घालून बघेन.

सीट जुनीच आहे. पुठ्ठ्यावर मोजलं, हाडांतलं अंतर ११८. सायकलबरोबर आलेली सीट १४५ ची निघाली, म्हणजे मुळात ठीकच होती. जेल कव्हर बाल्कनीतल्या स्टुलावर आहे. दांड्यावर आता दोन टेप आहेत: काळा माझा, लाल बायकोचा, तिची सीट सव्वापाच सेमी खाली. तळजाईला ती सायकलने जाते.

पाणसळ | रविवार, सायंकाळी ५:२५

धागा वाचून माळ्यावरची चोवीस इंची खाली काढली. चामडं वाळून फळकुटासारखं झालंय, नाकाखालचा ताणायचा नट गंजून बसलाय, आणि डाव्या क्रँकची कॉटर पिन झिजून पायडल झोल खातंय. सांगली-मिरजेकडे कॉटर पिन कुठे मिळेल? आणि वाळलेल्या चामड्याला काय लावावं? खोबरेल लावू का?

बोपदेव | रविवार, सायंकाळी ५:५०

काका, खोबरेल नको, चामडं लिबलिबीत होऊन झोळी पडेल. चामड्याला लावायचं मेण खालच्या बाजूने पातळ लावा आणि दोन दिवस सावलीत ठेवा. तोवर नट ताणू नका, सुकं चामडं रिव्हेटपाशी फाटतं. पिन घेताना जुनी बरोबर न्या, जाडी दोन प्रकारची मिळते. बसवताना क्रँकखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका, नाहीतर हातोडीचा मार छर्ऱ्यांवर जाईल.